बहिणीच्या वर्षाचा हिशोब मांडला, पण जुळेना

कोरडवाहू

माझी धाकटी बहीण केज तालुक्यात दिलेली आहे. दोन एकर कोरडवाहू, घरात सासू, मुलगी दहावी झालेली, मुलगा सहावीत. भाऊजी दुसऱ्याच्या पिकअपवर ड्रायव्हर. २०२४ च्या जूनमध्ये, ऐन पेरणीच्या तोंडावर, गाडी पलटी झाली आणि त्यांच्या मांडीचं हाड मोडलं. रॉड टाकला. सात महिने माणूस खाटेवर.

मागच्या आठवड्यात तिच्याकडं मुक्कामाला होतो. लाइट गेलेली, सगळे अंगणात बाजा टाकून पडलेले. सहज विचारलं, "ते सात महिने खाल्लं काय गं तुम्ही?" ती म्हणाली, "खाल्लं की सगळ्यांचं." मी संभाजीनगरला एका कंपनीत अकाउंटला आहे, त्यामुळं खोड जात नाही. एकेक नाव घ्यायला लावलं आणि मोबाइलच्या उजेडात लिहून काढलं.

मामांनी १५,००० दिले, बिनव्याजी, "सोयाबीन आल्यावर बघू" म्हणून. दीर चाकणला कंत्राटावर आहे. त्यानं चार महिने ३,००० पाठवले, पाचव्या महिन्यात कंपनीनं त्यालाच ब्रेक दिला. मी २०,०००. बचत गटातून १०,०००, शेकडा दोननं. भाऊजींच्या वर्गमित्राचं पंक्चरचं दुकान आहे, त्यानं ५,००० हातात ठेवले आणि कधी देतो हेसुद्धा विचारलं नाही. किराणा दुकानात उधारी १४,००० वर गेली. बेरीज ७६,०००. लाडक्या बहिणीचे जुलै ते डिसेंबर ९,००० आले ते वेगळे. सोयाबीन ९ क्विंटल झालं. हमीभाव ४,८९२ होता, पण केंद्रावर नंबर लागेपर्यंत थांबायला घरात काही नव्हतं, म्हणून ४,१०० नं घातलं. ३६,९०० आले, त्यातून बियाणं, खत, मळणी वजा.

ऑपरेशन महात्मा फुले योजनेत झालं, त्याचा एक रुपया लागला नाही. पण ते फुकट म्हणजे किती फुकट हे तेव्हा कळलं. जीपभाडं, सोबतच्या माणसाचं खाणं, वॉकर, नंतरच्या फेऱ्या, बुडालेला पगार. हे सगळं या ७६,००० मधून गेलं.

आता जे रुपयांत बसत नाही ते. पेरणी पाच जणांनी वारंगुळ्यानं करून दिली, डिझेल तेवढं हिचं. खुरपायला गल्लीतल्या बाया आल्या. शेजारच्या काकूंकडून रोज अर्धा लिटर दूध, आजपर्यंत त्यांनी हिशोब काढलेला नाही. भाचीला अकरावीला मी माझ्याकडं आणलं.

भाऊजी फेब्रुवारीपासून गाडीवर जायला लागले. बहीण फेडतेय, पैशानं थोडं आणि अंगानं जास्त. गल्लीतल्या बायांचे २२ दिवस तिच्यावर होते, ते तिनं हरभरा काढणीत फेडले. मामांच्या मुलीच्या लग्नात चार दिवस आधीपासून चुलीपुढं. जावेचं बाळंतपण हिनंच केलं. मला म्हणाली, "दादा, आता मला कुणालाच नाही म्हणता येईना."

म्हणून इथं विचारतोय. याला मदत म्हणायचं की कर्ज?

मांजराकाठ

चांगलं लिहिलंत. वारंगुळा हा शब्द किती वर्षांनी वाचला! आमच्या औशाकडं इर्जिक पण म्हणायचे.

हिंगोलीचे काका

इर्जिक वेगळं, वारंगुळा वेगळा. इर्जिकीला गावातले औत-बैल एका दिवसासाठी बोलवायचे आणि त्या दिवशीचं जेवण घालायचं, की विषय संपला. पुरणपोळी नाहीतर मटण, ऐपतीप्रमाणं. वारंगुळा म्हणजे आज मी तुझ्यात, उद्या तू माझ्यात. तिथं दिवस लक्षात ठेवावे लागतात. आमच्याकडं एकच बैल असायचा, दुसरा वारंगुळ्याचा. त्या बैलापायी बापानं शेजाऱ्याशी तीस वर्षं भांडण केलं नाही.

गावकुसाबाहेर

वारंगुळ्याचं कौतुक चाललंय म्हणून लिहितो. माझ्या बापाकडं बैल नव्हता अन् जमीनही नव्हती. पाडव्याला साल धरायचा, पुढच्या पाडव्याला सुटायचा. सालगड्याला वारंगुळा कुणी घालत नसतं काका. ज्याच्याकडं परत द्यायला काही आहे त्याच्यासाठी ही सोय. बाप आजारी पडला तर मालक उचल द्यायचा अन् ती पुढच्या सालात धरायचा. मालकाच्या तोंडी तीही मदतच होती.

आमचा आधार म्हणजे मुंबईतला चुलता. ७२ च्या दुष्काळात गेला, चेंबूरला झोपडी टाकली. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही अकरा जण राहून शिकलो, काकू दोन पाळ्यांत भाकरी थापायची. तिला कुणी विचारलं नाही की बाई तुला चालंल का. वस्तीत मयत झालं की अजूनही घरटी वर्गणी निघते, दवाखान्यातून बॉडी आणायची गाडी त्यातूनच ठरते. एवढं आमच्यात पक्कं आहे.

हिंगोलीचे काका

मान्य. माझ्या लक्षात ती बाजू आली नव्हती.

पुण्यात परभणीकर

मी देणाऱ्या बाजूचा, म्हणून जरा कडू लिहितो. जिंतूर तालुक्यातल्या आमच्या भावकीत पगारी माणूस मी एकटा. पगाराच्या तारखेला पहिला फोन बँकेचा, दुसरा चुलतभावाचा. बोअर, लग्न, दवाखाना, पोराचा क्लास. एकदा नाही म्हटलं तर पुढच्या लग्नात पंगतीत कुणी बसा म्हणेना. इकडं माझा घराचा हप्ता २३,०००, हे गावात सांगितलं तर हसतात. "पुण्यात फ्लॅट आहे अन् रडायलाय."

आता एकच करतो. परत आले नाहीत तरी झोप लागेल एवढेच देतो आणि देताना लिहून ठेवत नाही. उसने म्हणून मागितले तर "उसने नाहीत, हे घ्या" म्हणतो. २०,००० मागणाऱ्याला ४,००० मिळतात, पण बोलणं टिकतं.

मोंढ्यातला माणूस

आमचं भोकरदनला किराणा आहे, तिसरी पिढी. उधारी देताना आम्ही काय बघतो ते सांगतो. गिऱ्हाईकाची जमीन नंतर. आधी बघतो याचा मेव्हणा काय करतो, भाऊ कुठं आहे, पोरगं वाळूजला लागलंय का. पत त्या एकट्याची नसते, सोयऱ्यांची मिळून असते. धागाकर्त्याच्या बहिणीला १४,००० पर्यंत उधारी मिळाली ती बहुतेक तुमच्या नोकरीकडं बघून. तुम्हाला कुणी विचारलं नसेल, पण दुकानदाराच्या डोक्यात तुम्ही जामीनच होता.

आणि ही व्यवस्था कुठं मोडते तेही बघितलंय. एका घरावर संकट आलं तर दहा घरं धावतात. दुष्काळ दहाही घरांवर एकदम येतो. २०१५-१६ ला मी स्वतः उधारी बंद केली, शरमेनं सांगतो. घाऊकवाला मला देईना, मी यांना कुठून देऊ? लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते हेच साल. मामा कोरडवाहू, सासरा कोरडवाहू, साडूही कोरडवाहू, मग कोण कुणाला देणार? म्हणून जुनी माणसं एक तरी लेक गोदाकाठी नाहीतर जायकवाडीच्या कॅनॉलवर द्यायला बघायची. पाव्हणा बागायतदार असला की दुष्काळात कडबा अन् जोंधळा तिकडून यायचा.

हिंगोलीचे काका

आमची आत्या पैठणला दिली होती ती याच हिशोबानं. ७२ ला मात्र तिच्याकडंही काही नव्हतं, जायकवाडी पुरं झालं ७६ ला. ७२ ला सगळं घर खडी फोडायला. सोयरे कामाला आले नाहीत, सरकारी काम आलं. रोजगार हमीचा कायदा पुढं ७७ ला झाला. ७२ ला मी नऊ वर्षांचा. दुष्काळात वाटायचे त्या सुकडीची चव अजून तोंडात आहे.

कोयत्याचं पोरगं

वडवणी तालुका. आईबाप दरसाल कारखान्याला, ऊसतोडीला. दिवाळी झाली की टोळी निघायची, ती उन्हाळ्यात परत. आम्ही पाच भावंडं, चुलत धरून, आजीपाशी. लोक हंगामी वसतिगृहाचं बोलतेत, आमचं वसतिगृह आजीच होती. सत्तरीची म्हातारी पाच लेकरांच्या भाकरी थापायची, अन् तिच्या गुडघ्याच्या गोळ्या संपल्या तर सांगायची नाही, कारण पैसे पाडव्याशिवाय येणार नाहीत हे तिला ठाऊक.

ज्याला कुणी देत नाही त्याला मुकादम देतो. आमच्या आईबापाची शेवटची उचल ८०,००० होती. त्यातले अर्धे ताईच्या लग्नाचे आधीच गेलेले. टोळीत सगळे आपलेच, चुलते, मावसे, साडू. एखादी बाई फडात आजारी पडली तर बाकीचे तिच्या वाटच्या मोळ्या बांधतेत, खाडा पडू देत नाहीत, कारण खाडा पडला की मुकादम पैसे कापतो. पण एक जोडपं पळून गेलं तर त्यांची उचल कुणाच्या अंगावर? त्याच चुलत्यांच्या. माझ्या काकानं मेव्हण्यापायी एक हंगाम फुकट ऊस तोडला. मेव्हण्याशी आजपण बोलतो. काय करणार, बहीण दिलेली.

भडकलगेट

मी रिक्षा चालवतो. आमची १२ जणांची भिशी आहे, महिन्याला दोन हजार, २४,००० ची. चिठ्ठी निघते, पण ज्याच्या घरी दवाखाना असेल त्याला आधी देतो, चिठ्ठी नंतर. एक जण पहिलीच भिशी उचलून सुरतला गेला. त्याचा मेव्हणा आमच्यातच, त्यानं उरलेले हप्ते गुपचूप भरले. घरी बायकोलासुद्धा सांगितलं नाही.

दुसरी गोष्ट. रमजानमध्ये जकात निघते, अडीच टक्के. आमच्या मोहल्ल्यात एक चाचा होते, कापडाचं छोटं दुकान. ते पाकीट स्वतः द्यायचे नाहीत, पोराच्या हाती पाठवायचे आणि पोराला सांगायचे, "बोल, अब्बाकडं तुमचे जुने पैसे होते." घेणाऱ्यालाही माहीत, देणाऱ्यालाही माहीत. पण दुसऱ्या दिवशी नजर खाली करून सलाम करायची पाळी येत नव्हती. कोरडवाहू भाऊ, तुमच्या बहिणीला नाही म्हणता येत नाही, ते हेच.

एकटी वाट

सगळ्यांचं वाचलं. सगळ्यांकडं कुणीतरी आहे.

मालकांनी २०१५ ला जीव दिला. तेराव्यापर्यंत घर भरलेलं. नंतर एकेक जण यायचा बंद झाला. दीर म्हणाले, सोसायटीचं कर्ज तुमच्या नावावर चढलंय, आमच्यात यायचं कारण नाही. माहेरी भाऊ चांगला आहे, पण भावजयीला भीती, की ही लेकरं घेऊन कायमची आली तर.

तुम्ही लग्नात राबण्याचं बोलताय ना? मला लग्नात कुणी बोलवत नाही. बोलावलं तरी हळदीच्या वेळी बाजूला बसावं लागतं. आहेर करता येत नाही म्हणजे आहेर येतही नाही. माझ्या पोरीच्या लग्नात आहेराची वही उघडून बसलो तर कुणाचं नाव सापडायचं? तुमच्या बहिणीला कुणालाच नाही म्हणता येत नाही. मला नाही म्हणायलाही कुणी विचारीत नाही.

मला उभं केलं गावातल्या आणखी दोघींनी. एक नवऱ्यानं टाकलेली, एक माझ्यासारखी. आम्ही तिघी एकाच शिलाई मशीनवर. निराधारचे १,५०० येतात, ते कधी वेळेवर, कधी दोन महिन्यांचे एकदम. ते लांबले की तिघींत जिच्याकडं पीठ असेल तिच्याकडं चूल. लेकरं पण आता विचारत नाहीत आज कुणाकडं जेवायचं.

मांजराकाठ

ताई, काय लिहावं कळत नाही. तुमच्या तालुक्याचं नाव सांगितलंत तर एकल महिलांसाठी काम करणाऱ्या ओळखीच्या लोकांना विचारीन. व्यक्तिगत संदेश करा.

एकटी वाट

करते. पण काम द्या, मदत नको. परकर, ब्लाउज, शाळेचे गणवेश शिवतो आम्ही.

मांजराकाठ

शाळेत विचारतो, गणवेशाचं काम निघतं.

मूळ मुद्द्याकडं. मी लातूरला शिक्षक आहे. इथं क्लासला आलेली पोरं आपल्याला मेसमध्ये दिसतात, पण मावशीकडं, आतेभावाकडं राहून शिकणारी दिसत नाहीत. माझ्या वर्गात एक मुलगी होती, मावशीकडं राहायची. पहाटे पाचला पाणी भरायचं, मावशीच्या लेकराला शाळेत सोडायचं, मग स्वतः शाळेत. रोज पहिल्या तासाला उशीर, मी रोज बोलायचो. एक दिवस तिनं सांगितलं तेव्हा गप्प झालो. कोरडवाहू, भाचीची विचारपूस म्हणून विचारतो, राग नको. तुमच्याकडं भांडी कोण घासतं?

कोरडवाहू

खरं सांगायचं तर तीच. कुणी सांगितलेलं नाही, ती आपण होऊन करते. आता लिहिताना ते "आपण होऊन" मलाच टोचलं.

उदगीरची

धागा पहिल्या दिवसापासून वाचतेय. एक प्रश्न विचारायचा होता, धीर होत नव्हता. कोरडवाहू, तुमच्या ७६,००० मधले २०,००० तुमचे. तुमच्या वडिलांची जमीन होती का? सातबाऱ्यावर बहिणीचं नाव आहे का?

विचारते कारण मी स्वतः हक्कसोड, म्हणजे जमिनीतला माझा वाटा सोडल्याचं लिहून, करून दिलंय. २००५ च्या दुरुस्तीनं लेकीला मुलाएवढा वाटा दिला, आपल्या महाराष्ट्रात तर त्याआधी १९९४ लाच. पण आमच्याकडं लेकीनं वाटा मागितला की माहेर तुटलं. कुणी धमकी देत नाही. आई नुसती म्हणते, "बघ बाई, उद्या तुला काही झालं तर दार कुणाचं आहे?" मग आपण निबंधकाच्या ऑफिसात जातो, अंगठा देतो, फोटो काढतो. भाऊ साडी घेतो. त्या साडीत मी दोन एकरांवर पाणी सोडलं.

आणि माझा भाऊ वाईट नाही. माझं सिझेरियन झालं तेव्हा त्यानं ३०,००० भरले. सगळे म्हणाले, भाऊ असावा तर असा. मी पण म्हणाले. पुढं कधीतरी रात्री डोक्यात आलं, की हे मदतीत धरायचं का? हप्ता तर मी आधीच भरलेला होता, एकरकमी.

पुण्यात परभणीकर

ताई, मुद्दा बरोबर आहे, पण भाऊ आईबापाला सांभाळतो, शेतीचं कर्ज फेडतो, बहिणीचं लग्न, सणवार, मूळ, चोळीबांगडी करतो. ते कुठल्या खात्यात टाकायचं?

उदगीरची

टाका की, ते पण टाका. मी एवढंच म्हणते की दोन्ही बाजू मांडा. एकाच बाजूची वही लिहिली की बहीण कायम देणेकरी दिसते.

मोंढ्यातला माणूस

दुकानदार म्हणून सांगतो, ताईंचं बरोबर आहे. जमेची बाजू कोरी असलेली वही कुणी मान्य करत नाही.

कोयत्याचं पोरगं

आमच्यात वाटाच नाही तर हक्कसोड कशाचं. पण आई माहेराला जीव टाकते ते का, ते आज समजायलंय.

कोरडवाहू

चार दिवस उत्तर दिलं नाही, माफ करा.

उदगीरच्या ताई, नाव नाही. वडील २०१७ ला गेले, त्याच वर्षी हक्कसोड केलं. चार एकर. आई, मी आणि ती असे तीन वाटे धरले तरी तिचे एक एकर तेरा गुंठे होतात. साडी मीही घेतली होती, पैठणी नव्हे, साधीच. ती जमीन मी ठोक्यानं देतो, वर्षाला ४०,००० येतात. तिच्या वाट्याचे सात वर्षांचे ९३ हजारांच्या वर झाले. मी तिला दिले २०,००० आणि वहीत माझं नाव मामांच्या खाली, दिराच्या वर लिहिलं. आईचा खर्च, तिच्या लग्नाचं उरलेलं देणं, सणाचं येणं-जाणं, सगळं परभणीकर म्हणतात तसं दुसऱ्या बाजूला मांडून बघितलं. तरी तिचंच माझ्याकडं येणं निघतं.

बायकोला दाखवलं. ती बराच वेळ कागद बघत होती, मग म्हणाली, "माझ्या भावानं पण असाच कागद करायला पाहिजे." त्यावर काय बोलणार? भांड्यांना कालपासून पाळी लावली आहे, एक दिवस भाची, एक दिवस माझा मुलगा. मुलगा चिडलाय.

काल बहिणीला फोन केला. म्हटलं, ठोक्याचे पैसे दरवर्षी तीन वाट्यांत करू आणि जमिनीचंही बघू. मला वाटलं रडेल, नको म्हणेल. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पैसे दे. यांच्या गाडीचे टायर घ्यायचेत. पण पंचमीला न्यायला येशील ना? का आता हिशोब झाला म्हणून यायचा नाहीस?"

येतो म्हणालो. आईला अजून सांगितलेलं नाही, ते सगळ्यात अवघड आहे. इथं कुणी वकील असेल तर एवढं सांगा, आठ वर्षांपूर्वीचं हक्कसोड रद्द करायच्या भानगडीत पडायचं, की तिच्या नावानं सरळ बक्षीसपत्र करून द्यायचं?

हिंगोलीचे काका

बक्षीसपत्र कर, आणि नोंदणी करूनच कर, नुसत्या बाँडवर ठेवू नको. आमच्या घरी झालंय म्हणून सांगतो. फेरफाराला तलाठ्याकडं दोन-तीन चकरा धरून चाल. आईला मात्र पंचमीच्या आधी सांग, बहीण घरी आल्यावर तिच्यासमोर नको.